देवाच्या वेषाबाहेरचा कुत्रा

कुत्र्याचा फोटो चांगला यायचा असेल, तर माणसाला जमिनीवर यावं लागतं. उभ्याने, वरून टिपलं की मोठं डोकं, आखूड पाय आणि भोवती नुसती फरशी, एवढंच हाती लागतं. म्हणून एरवी गुडघेदुखीची तक्रार करणारे काकाही मोबाइल घेऊन हॉलमध्ये पालथे पडलेले दिसतात. मग समोरचा मोत्या नेमका पुढे येऊन लेन्स चाटतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू.

एलियट अर्विट या छायाचित्रकाराने हे जमिनीलगतचं पाहणं थेट कलादालनात नेलं. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये काढलेल्या त्याच्या गाजलेल्या फोटोत एका ग्रेट डेनचे नुसते पाय आहेत, शेजारी बाईचे बूट आहेत आणि नखशिखान्त दिसतो तो फक्त टोपी घातलेला चिमुकला चिवावा. माणसाचा चेहरा चौकटीबाहेरच राहिला आहे.

गीतेच्या पाचव्या अध्यायात समदृष्टीचं उदाहरण देताना विद्वान ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्या रांगेत कुत्राही बसवला आहे. तत्त्व मोठं आहे. पण आपल्या कथांमध्ये हा कुत्रा शेवटपर्यंत कुत्राच राहतो का, हे जरा तपासून पाहावं.

युधिष्ठिराबरोबर हिमालय चढलेला कुत्रा अखेरीस धर्म निघाला. नामदेवांची पोळी पळवणारा कुत्रा, ज्याच्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, तो विठ्ठल निघाला. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आपण चार वेद म्हणतो. म्हणजे आदर मिळतो खरा, पण तो आतल्या देवाला. कातडं तेवढं कुत्र्याचं. दारातल्या खऱ्या कुत्र्याच्या वाट्याला मात्र भाषेने ‘हाड्’ हा एकच शब्द ठेवलाय.

युधिष्ठिराची बाजू इथे मांडायला हवी. इंद्राचा रथ समोर उभा असताना त्याने कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला नकार दिला, तेव्हा त्याच्या लेखी तो फक्त मागे आलेला एक जीव होता. उलगडा नंतर झाला. कथेतला खरा धार्मिक क्षण तोच, उलगड्याच्या आधीचा.

इमॅन्युएल लेविनास या ज्यू तत्त्वज्ञाला दुसऱ्या महायुद्धात हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसली. तो जर्मनांच्या युद्धकैदी छावणीत होता. पहारेकरी आणि रस्त्यावरचे लोक या कैद्यांकडे माणूस म्हणून बघतच नव्हते. तिथे एक भटका कुत्रा आला. कैद्यांनी त्याचं नाव बॉबी ठेवलं. कामावरून परतणाऱ्या तुकडीचं तो उड्या मारत, भुंकत स्वागत करायचा. त्याच्या दृष्टीने ती माणसं होती, यात शंकाच नव्हती. लेविनासने १९७५ साली बॉबीवर एक छोटा निबंध लिहिला. पण नैतिकतेची सुरुवात समोरच्याच्या चेहऱ्यापासून होते असं आयुष्यभर सांगणारा हा माणूस, कुत्र्याला तसा चेहरा आहे का, असं पुढे विचारल्यावर अडखळला. नाही म्हणवेना, आणि ठाम हो म्हणायलाही जीभ रेटेना.

घरोघरचे मोबाइलधारी अशा पेचात पडत नाहीत. काळ्या लॅब्रॅडॉरचा फोटो काढताना त्यांची सगळी धडपड चेहऱ्यासाठीच असते. कॅमेऱ्याचं मीटर जगाला मध्यम राखाडी धरून चालतं. त्यामुळे चौकट भरून काळा कुत्रा असला की तो फिका पडतो आणि पांढरा पॉमेरेनियन मळका दिसतो. काळ्यासाठी उजेड थोडा कमी करायचा, पांढऱ्यासाठी थोडा वाढवायचा. खिडकीतला तिरपा उजेड मिळाला तर उत्तमच. फ्लॅश नकोच. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे लाडक्या शेरूचे डोळे भुतासारखे हिरवे चमकतात.

या कौतुकात एक खोट आहे. टक लावून बघणं ही कुत्र्यांच्या रीतीत बऱ्याचदा धमकी असते, आणि लेन्स म्हणजे मोठा, न मिटणारा डोळा. कुत्रा मान फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो. ही अनेकदा अस्वस्थतेची खूण असते. आपण खाली लिहितो, ‘पोज देतोय बघा!’ गॉगल, सांताची टोपी, वाढदिवसाचा मुकुट हे सगळं त्यातच आलं. फोटोशी कुत्र्याला देणंघेणं नसतं, फोटोला वासच नाही. देवाचा वेष उतरवला आणि आपल्या हौसेचा चढवला, तर समदृष्टीच्या पदरात काय पडलं?

कुत्र्याला नटवण्याची हौस महाराष्ट्राला जुनीच. साताऱ्याच्या शाहू महाराजांनी एका तोरेबाज सरदाराची खोड मोडायला आपल्या कुत्र्याला जरीची वस्त्रं आणि दागिने घालून दरबारात बसवलं आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, असं ग्रँट डफने नोंदवलं आहे. शिकारीत वाघापासून जीव वाचवला म्हणून महाराजांनी याच कुत्र्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला, असंही सांगतात. लोक त्याला खंड्या म्हणून ओळखतात. संगम माहुलीला कृष्णाकाठी त्याची समाधी आहे, आणि ती कुणाचा अवतार म्हणून बांधलेली नाही. साताऱ्याकडे जाणं झालं तर ती जरूर बघा. घरचा कुत्रा बरोबर असेल तर फोटोही काढा. फक्त त्याने मान फिरवली की मोबाइल खिशात घाला.