ज्याची त्याची तयारी



दोन वर्षांपूर्वी बारावीच्या मुलांसाठी आम्ही एक वेळापत्रक तयार करून चर्चच्या फलकावर लावले होते. पहाटे पाचला उठायचे आणि दिवसाला दहा तास अभ्यास करायचा. सर्वांना एकच नियम! महिन्याभराने एक आई भेटायला आली. "फादर, माझी पोर सकाळी माझ्याबरोबर द्राक्षबागेत थिनिंगला येते. तिला चारच तास मिळतात. आता म्हणते, फादरांचे दहा तास होत नाहीत, मग सीईटीचा फॉर्म तरी कशाला भरू?" आम्हाला उत्तर सुचले नाही. त्याच संध्याकाळी आम्ही तो कागद काढून टाकला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण वाचले होते. मिलो नावाच्या नामांकित मल्लाला जे जेवण कमी पडेल, तेच तालमीत नव्याने आलेल्याला जास्त होईल. योग्य माप माणसागणिक बदलते. परीक्षेत हे लिहून आम्ही गुण मिळवले, फलकापाशी मात्र विसरलो. पिंपळगावच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. मुरमाड आणि काळ्या जमिनीला तो सारखे पाणी देत नाही.

आजच्या शुभवर्तमानातला (मत्तय २५:१४-३०) धनीही तसाच आहे. एका दासाला पाच थैल्या, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. ज्याची जशी कुवत, तसे त्याने दिले. मग आपण शेजारच्या मुलाचे तास मोजून आपल्या मुलाला का देतो?

तर मग माप घ्यायचे कसे? एखादी जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून घरीच सोडवून घ्या आणि चुका पाहा. एकाला विषयच समजलेला नसतो. त्याला आधी पुस्तक हवे, आणि अकरावीचेही हवे, कारण सीईटीत सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो. दुसऱ्याला समजते, पण वेळ पुरत नाही. त्याला सराव हवा. तिसऱ्याला सारे येते, पण भीतीने झोप लागत नाही. त्याला आणखी एक क्लास नको, विश्रांती हवी. परीक्षेचा स्वभावही पाहावा लागतो. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून तिथे प्रश्न कोरा सोडणेच तोट्याचे. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकल्यास १ जातो. तिथे उतावळ्या मुलाने थांबायला शिकायला हवे.

याचा अर्थ कष्ट नकोत असा नाही. एक थैली मिळालेल्या दासाला धन्याने एक मिळाली म्हणून दोष दिला नाही. त्याने ती पुरून ठेवली, हा त्याचा दोष होता. आणि का पुरली? भीतीपोटी! आईबाबांनो, "त्याला बघ, नाहीतर तू" असे आपण जेवताना म्हणतो, तेव्हा कदाचित आपणच त्या मुलाच्या हाती फावडे देत असतो. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, गप्प राहत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी त्याच्याजवळ बसा. परीक्षा पुन्हा देता येते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला धन्याने वेगवेगळी शाबासकी दिली नाही. दोघांसाठी त्याचे शब्द अगदी तेच आहेत, आणि आनंदाचे दारही तेच.

ती मुलगी चार तासांवरच अभ्यासाला बसली. पहिल्या पसंतीचे कॉलेज तिला मिळाले नाही. आज ती नाशिकला फार्मसी शिकते आहे. तिने आपली थैली पुरली नाही, आणि आम्हाला मात्र एक धडा शिकवला.

या आठवड्यात आपल्या मुलाला एवढेच विचारू या: "बाळा, तुला काय अवघड जाते?" आणि त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत ऐकून घेऊ या.

हे प्रभो, आमच्या मुलांना कष्टाचे बळ दे आणि आम्हाला त्यांची पारख दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू