भंगारांतील बाटली आणि संग्राहकाचें मौन

जुन्या बाटल्या जमविण्याचा छंद आपल्याकडे तिकिटें किंवा नाणीं जमविण्याइतका रूढ नाहीं. पण ज्यांस तो जडला, त्यांस भंगारवाला हा सोयऱ्याहून जवळचा वाटूं लागतो. या सोयरिकींतच नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे.

समजा, जुन्या नाशकांतील एका भंगारवाल्याच्या ढिगांत मातीनें माखलेली गोटी-सोड्याची बाटली संग्राहकास दिसली. देवळालीस गोऱ्या पलटणींची छावणी होती. तेव्हां विलायती काच या बाजूस उतरलेली असणें संभवनीय आहे. हायरम कॉड या इंग्रजानें 1872 सालीं अशा बाटलीचें पेटंट घेतलें. आंतील वायूच्या दाबानें गोटी गळ्यांतील रबरी कड्यावर घट्ट बसे व तेंच बूच होई. गोटीच्या लोभानें मुलांनीं पुष्कळ बाटल्या फोडल्या आणि उरलेल्यांस मोल आलें. संग्राहकानें त्या द्वाड पोरांचे आभारच मानावयास हवेत!

आमचा गृहस्थ बाटली उचलतो. साच्याची रेघ ओठापर्यंत गेली आहे कीं खालींच विरली आहे, हें तो अंगठ्यानें चाचपतो. ओवेन्सच्या स्वयंचलित यंत्राचें पेटंट 1904 चें. त्या यंत्राच्या बाटलीवर रेघ थेट ओठावर चढते, हातानें तोंड घडविलेल्या बाटलीवर बहुधा अलीकडेच थांबते. येथें ती थांबलेली आहे. कडही शाबूत आहे. परंतु मुद्रेवर उदासीनता आणून तो म्हणतो, "कड उडालेली दिसते, काय घेशील?" भंगारवाला वजनाचा भाव सांगतो.

हा व्यवहार सचोटीचा झाला काय? दुष्काळांत ऱ्होड्स बेटास धान्य नेणाऱ्या व्यापाऱ्यानें, मागून आणखी गलबतें येत आहेत हें सांगावें कीं नाहीं, असा प्रश्न सिसरोनें इ. स. पूर्व 44 मध्यें चर्चिला आणि 'सांगावें' असा कौल दिला. तो दंडक संग्राहकास जसाच्या तसा लावणें मला पटत नाहीं. व्यापाऱ्यास बातमी वाटेंत मिळाली. संग्राहकाची दृष्टि मात्र वर्षानुवर्षांच्या खटपटीनें आलेली असते. तिचें फळ त्यानें खुशाल घ्यावें. पण शाबूत कडेस उडालेली म्हणणें हें मौन नव्हे, ती लबाडी आहे. आणि "साहेब, हिचें काय करणार?" असें त्यानें सरळ विचारलें, तर मौनासही जागा उरत नाहीं.

कोणी पुण्याच्या डॉ. दिनकर केळकरांचा दाखला देईल. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनीं दिवे, अडकित्ते, भांडीं अशा हजारों वस्तु जमविल्या आणि 1975 सालीं तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांच्या खरेदीविषयीं मला कांहीं सुचवावयाचें नाहीं. त्यांच्या थोरवीच्या आड इतरांनीं लपूं नये, इतकेंच म्हणणें आहे. संग्रह लोकार्पण केल्यानें समाजाचें ऋण फिटेल. भंगारवाल्याचें कसें फिटावें? फार तर त्याचा मुलगा तिकीट काढून ती बाटली पाहील.

वजनाच्या भावावर त्यास चार पैसे अधिक द्यावे, आणि "अशी दुसरी आली तर वजनावर घालूं नकोस, मला दाखव" असें सांगावें. पुढील बाटली महाग पडेल, पण फुटणार नाहीं. ही बाटली कोणत्या वाड्याच्या पाडकामांतून आली, हेंही तेव्हांच विचारून टिपून ठेवावें. पुढच्या खेपेस तें त्याच्या ध्यानांत असणार नाहीं.