‘तो काही करीत नाही’

मनुष्याच्या नीतीची परीक्षा मोठ्या प्रसंगी होते, असा एक सर्वसाधारण समज आहे. परंतु मोठे प्रसंग आयुष्यात थोडे. आणि त्या वेळी चार लोक पाहत असल्यामुळे मनुष्य सहसा सावधही असतो. त्याची खरी पारख होते ती लहान प्रसंगी, जेथे चुकले तरी कोणी जाब विचारणार नाही अशा ठिकाणी. असाच एक अगदी लहान प्रसंग आज विचारासाठी घेतला आहे. बुलढाणा, खामगाव, मलकापूर अशा आपल्या गावांतील एखाद्या सुशिक्षित वस्तीत सायंकाळी कोणाकडे जावे, फाटकाची कडी वाजवावी, तोच आतून दीड वीत उंचीचे एक केसाळ कुत्रे कर्कश भुंकत पायांशी धावून येते. पाहुणा जागच्या जागी थबकतो, बरोबरचे मूल आईच्या पदराआड दडते, आणि आतून यजमानांचा प्रसन्न स्वर ऐकू येतो, “या, या! घाबरू नका, तो काही करीत नाही.” या शेवटच्या चार शब्दांचे नैतिक मोल काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

रस्त्यावरील बेवारस कुत्र्यांचा प्रश्न याहून फार मोठा व निराळा आहे; तो येथे घ्यावयाचा नाही. थोराड राखणीच्या कुत्र्यांचाही विचार येथे नको; कारण त्यांच्या मालकास स्वतःलाच थोडी धास्ती असते, व तो साखळी आपण होऊन हाती धरतो. आपणांस पाहावयाचे आहे ते पामेरियन, पग, शित्झू इत्यादी लहान जातींच्या कुत्र्यांकडे. २००३ साली एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागोमाग चालणारा पग देशभर दिसला, आणि त्या जातीची आवड मध्यम वर्गात झपाट्याने पसरली. या कुत्र्यांच्या लहानपणामुळेच त्यांच्या मालकांस असे वाटू लागते की, आपली जबाबदारीही तेवढीच लहान आहे. आमच्या मते सर्व घोटाळ्याचे मूळ या समजुतीत आहे.

आता ते चार शब्द तपासून पाहू. ‘तो काही करीत नाही’ ही साक्ष मालकाची आहे, आणि ज्याने ते कुत्रे परक्याच्या दृष्टीने कधीच पाहिलेले नाही अशा साक्षीदाराची आहे. ते त्यास चावत नाही, कारण तो त्याचा धनी आहे; पाहुण्याशी त्याचे असे कोणतेच नाते नाही. दुसरे असे की, पाहुण्याने कुत्र्याच्या शीलाविषयी काही विचारलेलेच नसते. त्यास भय वाटले ही घडून गेलेली गोष्ट आहे, आणि भय हीसुद्धा एक पीडाच होय. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘घाबरू नका’ असे म्हणताना यजमान नकळत दोषाची जागा बदलतो. कुत्रे आवरणे हे त्याचे काम होते. आता भय आवरणे हे पाहुण्याचे काम होऊन बसले. आणि पाहुणा तरी काय बोलणार? आपल्याकडे भीड ही वस्तू कायद्याहून बळकट आहे. दुसऱ्याच्या घरी जाऊन ‘आधी ते कुत्रे बांधा’ असे म्हणणे म्हणजे यजमानाचा अपमान, असे त्यास वाटते. तेव्हा तो कसनुसे हसतो, पाय खुर्चीवर घेऊन बसतो आणि चहा अर्धा टाकून उठतो. यजमानास वाटते, पाहुण्यास आज घाई होती.

या बाबतीत कायदा काय म्हणतो? १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम २८९ होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम २९१ झाले आहे. आपल्या ताब्यातील जनावरापासून मनुष्याच्या जिवास किंवा त्यास भारी दुखापत होण्याचा संभव असता जो जाणूनबुजून अथवा हयगयीने पुरेसा बंदोबस्त करीत नाही, त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा तीत सांगितली आहे. म्हणजे कायद्याची नजर प्राणभयावर व भारी दुखापतीवर आहे. वीतभर कुत्र्याने पाहुण्याचे धोतर ओढले किंवा एखाद्या वृद्धेस दचकवले, तर या कलमाचा तेथे सहसा उपयोग नाही. पण जेथे कायदा मुका होतो, तेथेच सौजन्याने बोलावयाचे असते.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी ही गोष्ट अधिक सूक्ष्मपणे पाहिली होती. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात असा नियम आहे की, दाढांच्या किंवा शिंगांच्या जनावराच्या तावडीत कोणी सापडला असता, समर्थ असूनही जो धनी त्यास सोडवीत नाही, त्यास दंड करावा. आणि सापडलेल्याने आरडाओरड करूनही तो स्वस्थ राहिला, तर तो दंड दुप्पट करावा. या नियमात जनावर किती मोठे हे विचारलेले नाही. धनी समर्थ होता की नव्हता, एवढेच विचारले आहे. आता लहान कुत्र्याच्या बाबतीत धनी नेहमीच समर्थ असतो. ते एका हाताने उचलून आत नेता येते. तेव्हा जनावर जितके लहान, तितकी मालकाची सबब लंगडी, असाच निष्कर्ष या नियमावरून निघतो. राहिली आरडाओरड. आजचा भिडस्त पाहुणा ओरडत नाही हे खरे. परंतु त्याचे थबकलेले पाऊल आणि वर घेतलेले पाय हीच त्याची हाक होय, व डोळस यजमानास ती ऐकू यावी.

शिवाय ‘काही करीत नाही’ हे विधान शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही धाडसाचेच आहे. पिसाळण्याचा रोग दात किती मोठा हे पाहत नाही. माणसांस होणाऱ्या या रोगाच्या शंभरांपैकी सुमारे नव्याण्णव प्रसंगी तो कुत्र्यापासून येतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या मुलास पहिली लस टोचली गेली, तेव्हापासून मानवाच्या हाती उपाय आला. तथापि रोगाची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर आजही माणूस बहुधा वाचत नाही. जखम साबण व वाहते पाणी यांनी पंधरा मिनिटे धुणे आणि विलंब न लावता लस घेणे, हाच मार्ग आहे. म्हणून कुत्र्यास नियमाने लस टोचविणे हे मालकाचे पहिले कर्तव्य. आणि ओरखडा उठलाच तर ‘एवढ्याने काय होते’ असे न म्हणता पाहुण्यास आपण स्वतः दवाखान्यात नेणे, हे दुसरे.

येथवर पाहुण्याची बाजू झाली. परंतु कुत्र्याची बाजू मांडल्यावाचून हा न्याय पुरा होणार नाही. लहान कुत्रे इतके का भुंकते? त्याच्या दृष्टीने घरात शिरणारा प्रत्येक परका मनुष्य ताडमाड राक्षस असतो. त्याच्या पुष्कळशा भुंकण्याच्या मुळाशी भीतीच असते. त्यातच त्याची इच्छा असो वा नसो, कोणीही त्यास उचलतो व परक्याच्या मांडीवर ठेवतो. ते अंग ताठ करते, तोंड फिरवते, ओठ चाटते. या सर्व त्याच्या विनवण्याच असतात. त्या कोणी वाचत नाही. तेव्हा ते गुरगुरते, आणि आपण हसतो. मोठे कुत्रे गुरगुरले असते तर त्याच दिवशी शिकवणारा गाठला असता. लहान गुरगुरले की त्याची चित्रे काढून नातेवाइकांस दाखवितात. २०१० साली व्हिएन्ना येथील पशुवैद्यक विद्यापीठाच्या संशोधकांनी बाराशेंहून अधिक कुत्रेवाल्यांची माहिती घेऊन एक निबंध प्रसिद्ध केला. लहान कुत्री अधिक अवज्ञाशील व अधिक चिडखोर असल्याचे त्यात दिसले. पण त्याचबरोबर असेही दिसले की, त्यांचे मालक त्यांस शिकवतात कमी, त्यांच्याशी खेळतात कमी, आणि आज एक तर उद्या दुसरेच असे वागतात. म्हणजे ज्यास आपण जातीचा स्वभाव म्हणतो, त्यात घरच्या वळणाचा वाटा मोठा आहे.

आपल्या जिल्ह्यात याला हवेचीही जोड आहे. घाटावर, बुलढाण्यास, केसाळ कुत्र्याचे त्यातल्या त्यात निभते. पण घाटाखाली, मलकापूर-खामगावकडे, वैशाखाच्या झळांत त्या दाट लोकरीचे आणि पगाच्या चपट्या नाकाचे काय होत असेल? धापा टाकणारे जनावर पाहुण्यावर खेकसले तर नवल नाही. हौसेने ते आणताना हा विचार ज्याने केला नाही, त्यास नंतर कुत्र्याला दोष देण्याचा अधिकार राहत नाही.

महाभारताच्या आरंभी सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञात तिचे पिल्लू गेले असता राजाच्या भावांनी त्यास मारले. पिल्लाने हविर्द्रव्यास तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. माझ्या निरपराध पुत्रास का मारिले, असे सरमेने येऊन विचारले. उत्तर मिळाले नाही. तेव्हा अवचित भय तुम्हांस गाठील, असा शाप तिने दिला. न शिकवलेल्या कुत्र्याचीही हीच गत होते. यजमानाची पाठ फिरताच वैतागलेला पाहुणा पायाने त्यास दूर लोटतो. त्या लाथेचा खरा धनी घरमालक असतो. ती सोसावी मात्र मुक्या जनावराने.

ही अडचण आजच का वाढली, याचे एक कारण घरांच्या रचनेत आहे. जुन्या वाड्यात अंगण, ओटा, ओसरी, माजघर अशा पायऱ्या असत. कुत्र्याची हद्द अंगणात किंवा ओट्यावर संपे, पाहुणा ओसरीवर बसे. दोघांची मर्यादा भिंतींनीच राखलेली असे. आता दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कुत्रे व पाहुणा एकाच कोचावर येतात. जे काम पूर्वी उंबरठा करीत असे, ते आता यजमानाच्या विवेकाने करावयाचे आहे.

यावर कोणी भाविक म्हणेल, “भूतमात्री एकच ईश्वर पाहणाऱ्या संतांच्या भूमीत ही कसली हद्दीची भाषा? नामदेव पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. युधिष्ठिराने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला.” आक्षेप वजनदार आहे, पण या कथा नीट वाचल्या तर त्यांतच उत्तर आहे. नामदेवांनी तूप धरले ते आपल्या पोळीसाठी. शेजाऱ्याच्या ताटातील पोळी कुत्र्याने न्यावी, आणि शेजाऱ्याने त्यात आनंद मानावा, असे त्यांनी म्हटले नाही. युधिष्ठिराने पणास लावला तो स्वतःचा स्वर्ग. दोघांच्याही प्रेमाचा खर्च त्यांच्याच खाती पडला, म्हणून ते प्रेम वंद्य ठरले. आपण कुत्र्यावर प्रेम करतो, आणि त्याचा खर्च पाहुण्याच्या भयातून, शेजाऱ्याच्या झोपेतून, लहान मुलाच्या रडण्यातून वसूल करतो. स्वतः किंमत देऊन केलेले प्रेम हा सद्गुण. दुसऱ्याच्या नावे मांडलेले प्रेम ही केवळ हौस. ही कसोटी कुत्र्यापुरतीच आहे असेही नाही. परक्याच्या घरी मुलाने मांडलेला उच्छाद, मध्यरात्रीपर्यंत चाललेला आपल्या घरचा उत्सव, यांसही ती लावून पाहावी.

मग यजमानाने करावे काय? फार थोडे. पाहुणा येणार हे ठाऊक असल्यास कुत्रे आधीच आतल्या खोलीत न्यावे. त्यासही तेथे स्वस्थता लाभते. पाहुण्याची इच्छा विचारावी, आणि तो ‘असू द्या’ म्हणाला तरी त्याच्या चेहऱ्याकडे पाहून निर्णय घ्यावा. दुसऱ्याकडे, विशेषतः लग्नामुंजीच्या गर्दीत, त्यास न विचारता नेऊ नये. नेलेच तर दोरी हातातून सोडू नये. परका आला असता आपल्या सतरंजीवर बसून राहण्याची सवय त्यास पिल्लूपणापासून, मार न देता, गोडीने लावावी. पाहुण्याचेही कर्तव्य आहे. त्याने भीड सोडून आपले भय मोकळेपणी सांगावे, जनावरास डिवचू नये, आणि मुलांसही ते शिकवावे. दाराशी मात्र पहिला शब्द यजमानाचाच असतो, आणि तो ‘थांबा, त्याला आत नेतो’ असा असावा.