अवयव आणि अवयवी

रथ म्हणजे चाक, आस की जू, असे बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला विचारले, आणि यांपैकी एकही नव्हे म्हणून ‘रथ’ ही केवळ व्यावहारिक संज्ञा ठरली. न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, मात्र हे मान्य नाही, त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेला पूर्ण पदार्थ, हा अवयवांहून भिन्न आणि सत्य असतो. या पुरातन वादाचा एक चमत्कारिक दाखला इटलीच्या मोटारींत सापडतो. स्वीडनच्या साबशी झालेल्या करारातून, खर्चाची वाटणी व्हावी एवढ्याच माफक हेतूने, एका मूळ सांगाड्यावर लान्सिया थेमा, फियाट क्रोमा, साब ९००० आणि मागाहून अल्फा रोमिओ १६४ अशा चार प्रशस्त कुटुंबगाड्या सिद्ध झाल्या. आडवे बसवलेले इंजिन आणि पुढच्या चाकांना मिळणारी गती ही चौघींची सामाईक मिरास. तरी साबने आपले दरवाजे अधिक भक्कम केले, अल्फाने पिनिनफारिनाकडून निराळाच देह घडवून घेतला.

१९८६ च्या थेमा ८.३२ मध्ये तर फेरारीचे आठ सिलिंडरांचे, बत्तीस व्हॉल्व्हांचे इंजिन आले. परंतु त्याचा क्रँकशाफ्ट बदलला गेला. ज्याचे भुज पूर्वी एकाच पातळीत होते, ते आता परस्परांशी काटकोनात बसले, आणि शर्यतीच्या आवेशाऐवजी कुटुंबाला साजेशी मृदू गती लाभली. बौद्ध म्हणतील, हा बदल अभियंत्यांनी केला, अवयवीने नव्हे. खरे, पण कोणत्या गाडीसाठी, हे ठाऊक असल्याखेरीज तो त्यांना सुचलाच नसता. एवढ्यापुरता माझा कौल नैयायिकांकडे.