अश्लीलता आणि ‘दुसरा’ प्रेक्षक

१९५४ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनातील प्रदर्शनात अकबर पदमसी यांनी मांडलेली प्रेमी युगुलांची दोन चित्रे काढून घेण्यास पोलिसांनी सांगितले. पदमसींनी नकार दिला. दंडसंहितेच्या २९२व्या कलमाखाली खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. या घटनेचा विचार सहसा कलावंताच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने होतो. तथापि तिच्यातील नैतिक प्रश्न मूलतः प्रेक्षकासंबंधीचा आहे. नियंत्रक चित्र स्वतः पाहतो. परंतु त्यामुळे आपण भ्रष्ट झालो, असे तो कधीच म्हणत नाही. भ्रष्ट होणारा नेहमीच ‘दुसरा’ असतो. म्हणजे बंदीच्या मुळाशी कलाकृतीविषयीच्या निर्णयापेक्षा नागरिकांच्या विवेकशक्तीतील विषमतेचे गृहीतक अधिक असते. निर्दोषत्वाचा निवाडा चित्रापुरता राहतो. हे गृहीतक अबाधितच उरते. म्हणूनच पदमसी आणि सूझा यांच्या मुंबईत आयात झालेल्या सात कलाकृती सीमाशुल्क विभागाने २०२३ साली अश्लील म्हणून अडविल्या, आणि प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसते, हे मुंबई उच्च न्यायालयाला २०२४ साली पुन्हा सांगावे लागले. न्यायालय कलाकृतीला दोषमुक्त करू शकते. तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्या नागरिकाला प्रौढ मानण्याचे नैतिक उत्तरदायित्व मात्र शासनसंस्थेचेच आहे.