आपणावर प्रीती करणे हे पाप आहे काय?



गेल्या पावसाळ्यात एका खेड्यावरील उपदेशक बंधूंनी मला एक प्रश्न केला. त्यांना कित्येक दिवस ताप येत होता, तरी ते रोज दोन-तीन गावांच्या फेऱ्या करीतच होते. मी विश्रांतीची गोष्ट काढली, तेव्हा ते म्हणाले, “पाद्रीसाहेब, वधस्तंभ उचलण्याचा उपदेश लोकांस करावा आणि आपण मात्र खाटेवर पडून राहावे, हे कसे शोभेल? ही प्रीतीची उणीव नव्हे काय?” त्यांची पत्नी दाराआड उभी होती. ती काही बोलली नाही. परंतु तिच्या मुखावर जे दिसले ते मी विसरलो नाही. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज येथे देण्याचा यत्न करतो.

आपल्या नागपुरात मिशनकार्याच्या आरंभी दोन सेवक एका जोखडाखाली चालत होते. रे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी 1845 साली येथे आले. तेव्हा नागपुरावर भोसल्यांचे राज्य होते. पुढल्या वर्षी रे. रॉबर्ट हंटर यांची त्यांचे सोबती म्हणून नेमणूक झाली. दोघांनी मिळून शुभवर्तमान सांगितले, मुलांस शिकविले, आणि सवड मिळेल तेव्हा या प्रांतातील खडकांचाही अभ्यास केला. 1855 साली हंटरसाहेबांची प्रकृती खालावली व त्यांस मायदेशी परतावे लागले. हिस्लॉपसाहेबांनी आपली सेवा येथेच शेवटास नेली. ता. 4 सप्टेंबर 1863 रोजी ते नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे रिचर्ड टेंपल यांच्यासह जुनी दगडी वर्तुळे पाहण्यास गेले होते. तेथील शाळा तपासण्यासाठी ते मागे राहिले, आणि अंधारात घोड्यावरून परतताना पावसाने फुगलेल्या पाण्यात बुडून मरण पावले. 1883 साली स्थापन झालेल्या हिस्लॉप कॉलेजास त्यांचेच नाव दिले आहे.

हंटरसाहेबांचे नाव मात्र आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल. तथापि मायदेशी गेल्यावर ते रिकामे बसले नाहीत. हिंदुस्थान व आफ्रिका येथील फ्री चर्चच्या मिशनांचा इतिहास त्यांनी 1873 साली प्रसिद्ध केला. पुढे इंग्रजी भाषेचा सात खंडांचा मोठा ज्ञानकोशरूपी शब्दकोश पुष्कळ वर्षे खपून सिद्ध केला. 1897 साली ते प्रभूमध्ये निजले.

आता मी विचारतो, या दोघांपैकी अधिक प्रीती कोणाची? जो पाण्यात बुडाला त्याची, की जो आजारी होऊन परत गेला त्याची? आपले मन लगेच पहिल्याकडे बोट दाखविते. परंतु देवाने तसा निवाडा आपणांकडे सोपविलेला नाही. हिस्लॉपसाहेब मरण शोधीत गेले नव्हते. एका गावच्या मुलांची शाळा पाहत असता त्यांस उशीर झाला. हंटरसाहेबांनी काम टाकले नव्हते. त्यांचे शरीर थकले, म्हणून देवाने त्यांच्या हाती दुसरे काम दिले. एकास मरण आले, दुसऱ्यास आजार आला. दोहोंपैकी एकही त्यांनी आपण होऊन निवडले नव्हते. प्रीतीचे माप झिजण्याने होत नाही, विश्वासूपणाने होते.

शास्त्र पाहा. शेजाऱ्यावर किती प्रीती करावी हे सांगताना प्रभूने आपली स्वतःवरील प्रीती हेच माप घेतले आहे (मत्तय 22:39). मापच फुटके असले तर धान्य कसे मोजावे? एलीया रतामाच्या झुडुपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्यास प्रथम बोध केला नाही. झोप दिली, भाकर दिली, पाणी दिले, आणि मग पुढील वाट दाखविली (1 राजे 19). शिष्यांस जेवण्यासही सवड नव्हती, तेव्हा प्रभूने त्यांस एकांती विसाव्यास नेले (मार्क 6:31). आणि पौल तर स्पष्ट म्हणतो की, मनुष्याने आपले शरीर जाळण्यास दिले, पण प्रीती नसली, तर त्याचा लाभ शून्य (1 करिंथ 13:3). शरीर झिजविणे व प्रीती करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कोणते वचन सांगेल?

आपल्या मुलखातला शेतकरी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतो, आणि पोळ्याच्या दिवशी त्यास जोखडास लावीत नाही. बैलाची पूजा आपण करीत नाही. परंतु त्या खांद्याची काळजी आपणही शिकावी. शब्बाथाचा विसावा देवाने बैलासही दिला आहे, दासीच्या मुलासही दिला आहे (निर्गम 23:12). सोललेल्या खांद्यावर जोखड ठेवणाऱ्यास आपण कष्टाळू म्हणत नाही, निर्दय म्हणतो. मग आपल्याच देहाशी तसे वागणाऱ्यास भक्तिमान का म्हणावे?

कोणी म्हणेल, “असे शिकविल्यास आळशी मनुष्यास सोयीचे निमित्त मिळेल.” ही भीती खरी आहे. स्वतःची काळजी आणि स्वार्थ यांचे चेहरे एकमेकांसारखे दिसतात. त्यांची पारख दोन प्रश्नांनी होते. पहिला: विसावा घेऊन मी पुन्हा कामास लागतो काय? दुसरा: जो विसावा मी आपणास घेतो तो माझ्या घरच्यांसही देतो काय? स्वार्थी मनुष्य दुसऱ्या प्रश्नाशी अडखळतो. तो आपण पहुडतो आणि पत्नीला पाहुण्यांसाठी चूल पेटविण्यास सांगतो.

परंतु अति झिजणारा सेवकही याच प्रश्नाशी अडखळतो, हे मला त्या दाराआडच्या भगिनीने शिकविले. मनुष्य समजतो की मी आपलेच शरीर खर्चितो. तसे नसते. तो दिवसभर गावोगाव गोड बोलतो व सांजेस घरी येऊन मुलांवर ओरडतो. आज तो औषध टाळतो, उद्या पत्नीस रात्ररात्र उशाशी बसावे लागते. त्याच्या त्यागाची किंमत त्याने न विचारता दुसऱ्यांकडून वसूल केलेली असते. आणि खोल पाहिले तर त्यात पुष्कळदा एक गुप्त गर्व असतो: माझ्यावाचून देवाचे काम अडेल. मोशेलाही तसेच वाटले असावे. म्हणून देवाने त्याच्या सासऱ्याच्या मुखाने त्यास सांगविले की, भार वाटून दे (निर्गम 18).

वधस्तंभ अवश्य उचलावा. पण तो प्रभू देतो तो वधस्तंभ. आपण गर्वाने तासलेला लाकडाचा ओंडका नव्हे. ज्या दिवशी प्रभू प्राण मागेल त्या दिवशी तो आनंदाने द्यावा. तोवर तो प्राण त्याची ठेव आहे, आणि ठेव उधळणारा कारभारी विश्वासू ठरत नाही.

म्हणून त्या बंधूंस व तुम्हां सर्वांस माझी विनंती आहे. ताप असेल तर औषध घ्या व निजा. त्या दिवसाचे गाव मंडळीच्या वडिलांवर सोपवा. आठवड्यातून एक सांज घरच्यांची असू द्या. रविवारी पाणी आणणे व दळण-कांडण यांचा भार घरातील स्त्रीवर एकटीवर पडतो की काय, हे उपासनेपूर्वी पाहा. आणि रात्री प्रार्थना करताना इतरांची नावे घेऊन झाल्यावर, संकोच न धरता, आपलेही नाव घ्या. ज्याने आपणांस निर्माण केले व मोलाने विकत घेतले, त्याला ते नाव प्रिय आहे.