आदेश प्रथम पुरुषाच्या नजरेला



मागील लग्नसराईत खंडाळ्यातील एका वरातीत 'चिकनी चमेली' वाजत होते. सहा-सात वर्षांच्या मुली त्यावर नाचत होत्या आणि आम्ही मोठी माणसे कौतुकाने पाहत होतो. मीही गप्प राहिलो. पुढच्याच जुम्याला मात्र मिंबरवरून स्त्रियांच्या पडद्याविषयी बोललो. ही विसंगती मला आजही बोचते.

'जत्रा' (२००६) या मराठी चित्रपटातील 'कोंबडी पळाली'ची चाल अजय-अतुल यांनी 'अग्निपथ' (२०१२) या हिंदी चित्रपटासाठी पुन्हा योजिली. चाल तीच राहिली, दृश्य बदलले. मराठी गाण्यात नायक-नायिका दोघे मिळून नाचतात. हिंदीत एकटी स्त्री पुरुषांच्या गराड्यात नाचते; कथेत तिला दुसरे कोणतेही काम नाही. गराड्यातील पुरुष जिथे पाहतात तिथेच कॅमेरा रेंगाळतो, आणि घरी बसलेला प्रेक्षकही नकळत त्याच गराड्यात जाऊन बसतो. हे गाणे गाणाऱ्या श्रेया घोषाल यांनीच एका मुलाखतीत सांगितले आहे की, अर्थ न कळणाऱ्या लहान मुली ते गातात तेव्हा आपल्याला संकोच वाटतो. गायिकेला जो संकोच वाटला, तो आपल्याला का वाटू नये?

आपण दोष देतो तो नाचणारीला. पवित्र कुरआनचा क्रम पाहा. सूरह नूरच्या ३० व्या आयतीत नजर झुकविण्याचा आदेश प्रथम श्रद्धावंत पुरुषांना आहे. स्त्रियांना उद्देशून आदेश त्यानंतरच्या आयतीत येतो.

अखेरच्या हजप्रसंगी आदरणीय फज्ल बिन अब्बास (रजि.) प्रेषितांच्या (स.) मागे उंटावर बसले होते. खसअम कबिल्यातील एक स्त्री आपल्या वृद्ध पित्याच्या हजविषयी विचारण्यास आली. तरुण फज्ल तिच्याकडे पाहू लागले. प्रेषितांनी (स.) तिला परत पाठविले नाही, फज्ल यांचा चेहरा दुसरीकडे वळविला आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. फज्लना तिचे रूप दिसले, प्रेषितांनी (स.) तिचा प्रश्न ऐकला. पुरुषाने स्त्रीकडे कसे पाहावे, याचा संपूर्ण धडा या एका प्रसंगात आहे.

याच खंडाळा तालुक्यातील नायगावी १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या. फातिमा शेख यांना सोबत घेऊन त्यांनी पुण्यात मुलींना शिकविले. त्या मुलींमध्ये त्यांना बुद्धी असलेली माणसे दिसली. आपल्या मुलींना मात्र आपण वरातीत कोणता धडा देत आहोत?

आदरणीय अली (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) बजावले होते की, अनवधानाने पडलेली पहिली नजर माफ आहे, तिच्यामागून दुसरी टाकू नये. मोबाईलवर तेच दृश्य पुन्हा पुन्हा पाहणाऱ्याने आपली कितवी नजर चालू आहे, हे स्वतःच मोजावे.

म्हणून बापहो, भावांनो, मुलीच्या ओढणीविषयी बोलण्यापूर्वी आपला मोबाईल तपासा. घरात निकाह ठरेल तेव्हा गाण्यांची यादीही आपणच ठरवा. पुढच्या वरातीत मी गप्प राहणार नाही. तुम्हीही राहू नका.

अल्लाह आपल्या नजरांना हया आणि आपल्या लेकींना सन्मान देवो. आमीन.